किसन सरांची पहिली वेलांटी

समस्त ग्रामस्थ, आप्तेष्ट, हितचिंतक आणि मोटारपंपधारक यांना कळवण्यास अतीव दुःख होत आहे, की ‘हिंगोली’ या शब्दातल्या ह ची पहिली वेलांटी शनिवारी भर दुपारी, कसलंही आजारपण नसताना, आमच्या डोळ्यांदेखत जागेवरून निसटली. तिच्यामागे ठिपक्यांचं एक रिकामं गोल, एक उघडाबोडका ह आणि उरलेला सगळा जिल्हा असा परिवार आहे.

किसन, ही घोषणा मी दुकानात उभं राहून, फ्लेक्सच्या मशीनकडे तोंड करून, पोटातून आवाज काढून केली. ऐकायला कोणी नव्हतं. पूर्वी असलं काही सुचलं की मी तुला फोन लावायचो. तू वर्गात असलास तरी उचलायचास, पूर्ण ऐकून घ्यायचास आणि शेवटी म्हणायचास, "भोंग्या, झालं का? पोरं थांबली हायेत." या वेळीही फोन काढला, तुझ्या नावापर्यंत गेलो, आणि मग उगीच हवामान बघितलं. हिंगोलीत ऊन होतं. ते मला दारातूनही दिसत होतं.

आता तुझ्याच पद्धतीनं सांगतो. तुझी खोड अशी होती, की ज्याला सगळं माहीत आहे त्यालाही पहिल्यापासून समजावून सांगायचं. बाकी मास्तर निवृत्त होईपर्यंत मास्तर असतात. तू ढाब्यावर भजे खातानाही फळ्यासमोर असायचास. तेव्हा तुझंच तुला ऐकवतो. चिडू नकोस, मध्ये बोलू नकोस. पहिल्यांदाच मला तेवढी संधी मिळाली आहे.

तर, कनेरगाव नाक्यावरून आत गेलं की तुमचा तांडा. तांड्याच्या खालच्या अंगाला नाला, नाल्याच्या काठाला पिण्याच्या पाण्याची विहीर. त्याच नाल्याच्या दोन्ही बाजूंनी शेतातल्या विहिरी आणि बोअर. जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं एकच. वरच्यांनी मोटारी चालवल्या की खालची विहीर बसते आणि उन्हाळ्यात बायका टँकरची वाट बघतात. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण प्रत्येकाला वाटायचं पाणी दुसऱ्याच्या मोटारीनं जातं. तू काय केलंस, तर दर रविवारी विहिरीत दोरी सोडून पाणी किती खोल आहे ते मोजलंस, ते आकडे लॅपटॉपमध्ये घातलेस आणि त्यांची एक निळी रेघ काढलीस. पाणी खाली, तर रेघ खाली. त्याखाली एक आडवी लाल रेघ, आणि तिच्यावर दोनच शब्द: मोटार बंद. निळी रेघ लालला टेकली की नाल्याकाठच्या मोटारी थांबवायच्या, असं तू सगळ्या तांड्याकडून मंदिराच्या ओट्यावर कबूल करून घेतलंस. आलेख मोठा छापून मंदिराच्या भिंतीला लावायचा. छपाई माझी. 

त्या दोन शब्दांच्या जागी मी मूळ सुचवलं होतं, "उपसाबंदीची कमाल मर्यादा." तू म्हणालास, "दिग्या, हे वाचून होईस्तोवर विहीर आटंल."

आकडे तू वहीतल्या वहीतही काढू शकला असतास. पण तुझी लेक पल्लवी बारावीनंतर कॉम्प्युटर शिकायला गेली आणि तिचा अभ्यास तपासायचा म्हणून तू आधी पायथन शिकलास. ती पुढे गेली, पुण्यात नोकरीला लागली. तू तिथंच पायथन धरून बसलास. आलेख काढणारी एक लायब्ररी तुला सापडली, आणि लायब्ररी म्हटल्यावर मला वाटलं तू आता घरी पुस्तकं आणणार. तू मला अर्धा तास समजावलंस, की ही लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेली तयार कामं, आपण फक्त हाक मारायची. मी म्हणालो, "म्हणजे आचारी." तू म्हणालास, "व्हय, आचारी. पण मीठ आपुनच सांगावं लागतं."

तो पहिला आलेख. माझ्या टेबलावर तू पेनड्राइव्ह ठेवलास, मी फाइल उघडली आणि मोठ्यानं वाचायला लागलो. माइकवर निवेदन करून करून मला सगळंच मोठ्यानं वाचायची सवय. त्या यंत्राला मराठी जोडता येत नव्हती. आलेल्या क्रमानं अक्षरं ओळीत उभी करायची, एवढंच त्याला जमायचं. त्यामुळे हिंगोलीतल्या ह ची वेलांटी ह ला सोडून पुढं गेली आणि ग च्या डोक्यावर बसली. ह एकटा राहिला, त्याच्या शेजारी ग. सुरुवातीची दोन अक्षरं मी खणखणीत वाचली, पुढचं वाचायची गरज पडली नाही. दुकानात लग्नाची पत्रिका बघायला आलेलं कुटुंब होतं. त्यांतल्या आजीबाई म्हणाल्या, "बाप्पा, भर बाजारात काय बोलून राहिला हा माणूस." 

सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढा: बाकी सगळे तालुके सुखरूप. पहिली वेलांटी एकट्या जिल्ह्याच्या ठाण्याला, आणि तिथंच घात. मी हसून हसून खुर्चीवरून खाली आलो. तूही हसत होतास. मग तुझी नजर आलेखाच्या कोपऱ्यात गेली आणि तू हसायचा थांबलास. तिथं तुझं नाव होतं. ‘कसिन सर’ असं आलं होतं.

"हे बघ," तू म्हणालास, "मी."

त्या दिवशी ते सांगितलंस. तांड्यावर घरी गोरमाटी बोलायचात, मराठीची गाठ शाळेतच पडली. गुरुजींनी पहिलीत पाटीवर नाव लिहायला सांगितलं. तू विचार केलास: किसन म्हणताना आधी क ऐकू येतो, वेलांटी नंतर. म्हणून आधी क काढलास, त्याच्यापुढे वेलांटी काढलीस, मग स, मग न. वेलांटी स च्या डोक्यावर गेली. गुरुजींनी वर्गाला वाचून दाखवलं: कसिन. वर्ष संपेपर्यंत तू कसिन होतास. 

मी म्हणालो, "मग सांगायचं ना गुरुजींना, ऐकू येतं तसं लिहिलं म्हणून."

"सांगितलं," तू म्हणालास. "अजून एक छडी भेटली."

मग तू ती युक्ती काढलीस. यंत्र आलेल्या क्रमानं अक्षरं उभी करतं, तर आपण क्रमच उलटा द्यायचा. प्रोग्राममध्ये वेलांटी आधी टाइप करायची आणि अक्षर तिच्यामागून. लिहिताना पडद्यावर भयंकर दिसायचं: वेलांटीखाली अक्षर नाही म्हणून ठिपक्यांचं एक गोल यायचं आणि ती त्याच्यावर लटकायची. पण आलेख निघाला की हिंगोली हिंगोली, विहीर विहीर, किसन किसन. आत वाकडं, बाहेर सरळ. 

जोडाक्षरांना मात्र तुझ्याकडेही इलाज नव्हता. ती फुटून पाय मोडल्यासारखी दिसायची. म्हणून तू ती सरळ हाकलून दिलीस. ऑगसट. सपटेंबर. ऑकटोबर. फेबरवारी. किसन, मी लग्नपत्रिकेत ‘आशीर्वाद’ची वेलांटी चुकली तर गिऱ्हाइकाला परत पाठवणारा माणूस. मी म्हणालो, "माझ्या दुकानातून ऑगसट बाहेर पडणार नाही."

"तुझ्या घरी काय म्हणतेत?"

"कशाला?"

"ऑगस्टला."

 माझ्या घरी ऑगसटच म्हणतात. माइकवर असताना तेवढा मी ऑगस्ट म्हणतो. 

आपलं भांडण त्या दिवशी सुरू झालं आणि नाक्यावरच्या ढाब्यावर वर्षानुवर्षं चाललं. माझं म्हणणं, हे यंत्र आज ना उद्या मराठी शिकेल. तुझं म्हणणं, कधीच नाही. 

"मला शिकवाय गुरुजी होते, छडी होती," तू म्हणायचास. "त्याला कोण शिकवंल? सातासमुद्रापार बसून आपल्या वेलांटीची तकलीफ कोणाला हाय?"

"असेल कोणीतरी."

"काहून असंल? आपुनच वाकडं लिहायचं, म्हंजे समोरच्याला सरळ दिसतं. आमी तांड्यावाल्यांनी जल्मभर काय केलं? घरची भाषा घरी ठेवली अन् समोरच्याला समजंल तसं बोललो. तोच हिशोब हाय."

यावर मी आवाज वाढवायचो. ढाबेवाला भज्यांची दुसरी प्लेट न मागवता आणायचा. त्याला वाटायचं आता हाणामारी होणार, निदान पोट भरलेलं असावं. आणि तू माझा आवाज संपेपर्यंत शांतपणे मिरची खायचास. भांडण संपलं असं कधी झालं नाही. आपण फक्त दर वेळी आपापल्या गाड्यांना किक मारायचो.

मग तू गेलास. त्याबद्दल लिहीत नाही. स्मशानात मी बोललो. चांगलं बोललो असं लोक म्हणाले. तू असतास तर माझी बाही ओढून म्हणाला असतास, "आवर आता, लोकांच्या पायाला चटके बसून राहिले."

माझी खरी पंचाईत त्यानंतर झाली. तुझ्या लॅपटॉपची बॅटरी फुगून झाकण बंद होईना, सुरू केला तर पडद्यावर उजेड येईना. पल्लवीनं फाइली कशाबशा काढून नवा लॅपटॉप माझ्याकडे पाठवला. होळीच्या आधी ओट्यावर बैठक ठरलेली, आणि या वर्षी बैठकीत एकच प्रश्न: उन्हाळी भुईमूग टाकायचा का नाही. भुईमूग म्हणजे मे महिन्यापर्यंत मोटारी. तुझा चुलतभाऊ गुलाब, जो नातं विसरून तुला चिडून ‘सर’ म्हणायचा आणि पुढे सवयीनंच म्हणायला लागला, त्यानं बियाणं आणून ठेवलं होतं. तो नाक्यावर भेटला तेव्हा म्हणाला, "भौ, आता सर न्हाईत. रेघ बी न्हाई. जो तो आपापलं बघंल." वाईट हेतूनं नव्हे, साधं हवामान सांगावं तसं म्हणाला.  भिंतीवर आलेख लागला नाही, तर तुझा ठराव एका उन्हाळ्यात संपणार होता. 

तुझ्या जागी दोरी कमल वहिनींनी सोडली. तू गेल्यावरचा एकही रविवार त्यांनी चुकवला नाही. कोणी सांगितलं नव्हतं. आकडा मला फोनवर सांगायच्या आणि वर म्हणायच्या, "बराबर लिहिलं ना, भाऊजी?"

राहिला तुझा प्रोग्राम. नव्या लॅपटॉपवर पायथनची नवी आवृत्ती. तुझी फाइल चालवली तर म्हणे लायब्ररीच नाही. पल्लवीनं फोनवर सांगितलं तशी ती बसवली. पुन्हा चालवली. आता लाल अक्षरांचा पूर आला. मी घाबरून सगळा तिला वाचून दाखवायला लागलो, माझ्या पद्धतीनं, चढउतार घेत. 

"काका," ती म्हणाली, "फक्त शेवटची ओळ वाचा. खरं दुखणं शेवटच्या ओळीत असतं."

शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, की तू रंगांसाठी ज्याला हाक मारत होतास तो आता इथं राहत नाही. त्याचं नाव बदललं होतं. नवं नाव घातलं. मग दुसरा एक एरर आला: आलेखाच्या ठेवणीलाही नवं नाव दिलेलं. तेही घातलं. आपल्याकडे गावाचं नाव बदललं तरी कंडक्टर जुन्या नावानंच तिकीट फाडतो. इथं जुन्या नावानं कोणी ओळख दाखवत नाही. एक गेलं की दुसरं, असं करत शनिवारी दुपारी एकदाचा आलेख पडद्यावर उभा राहिला. निळी रेघ बरोबर. लाल रेघ बरोबर. आणि अक्षरं बघितली तर ती घोषणा करायची वेळ आली, जिच्यापासून मी सुरुवात केली.

हिंगोलीची वेलांटी ठिपक्यांच्या गोलावर लटकलेली आणि पुढे ‘हंगोली’. विहिरीचं तसंच. डिसेंबरचं तसंच. एप्रिल, जो तू जोडाक्षर टाळून ‘एपरिल’ करत होतास, तो ‘एपिरल’ झालेला. कोपऱ्यात तुझं नाव: गोल, त्याच्यावर वेलांटी, मग ‘कसन सर’. लाल रेघेवरचे दोन्ही शब्द मात्र धक्का न लागता उभे होते: मोटार बंद. त्यांत वेलांटी नव्हती, जोडाक्षर नव्हतं. 

मला वाटलं नवी लायब्ररी बिघडली. तुझ्या वतीनं तिला चार शिव्याही घातल्या. मग, नीट काय दिसतं ते बघावं म्हणून, मी एका रिकाम्या ओळीत साधं, शुद्ध, शाळेतलं ‘हिंगोली’ लिहिलं आणि चालवलं. 

हिंगोली आलं. वेलांटी ह वर, अनुस्वार जागेवर. मग लिहिलं ‘सप्टेंबर’. सप्टेंबर आला, प आणि ट एकमेकांना धरून. मी ‘ज्ञानेश्वर’ लिहून बघितलं. मी ‘आशीर्वाद’ लिहून बघितलं. रफारसुद्धा, किसन. 

यंत्र मराठी शिकलं होतं. बिघडलं काहीच नव्हतं. तू त्याला चकवायला जे वाकडं लिहून ठेवलं होतंस, तेच ते आता जसंच्या तसं वाचत होतं. कुठंतरी, आपण ज्यांचं नाव कधी ऐकणार नाही अशा कोणीतरी बसून, त्याला वेलांटी कुठं बसते ते शिकवलं होतं. 

म्हणजे भांडण मी जिंकलो. वर्षानुवर्षांचं भांडण, पुराव्यासकट. मी खुर्चीवरून उठलो, दोन्ही हात वर केले, दुकानभर एक फेरी मारली. समोरच्या चपलेच्या दुकानवाल्यानं विचारलं, "क्या हुआ, भाई? लॉटरी?" काय सांगणार? मी म्हणालो, "वेलांटी लागली." आणि आत येऊन बसलो. जिंकलेलं भांडण किती निरुपयोगी असतं, रे. हरणारा समोर बसून मिरची खात नसेल तर त्याचं करायचं काय?

पल्लवीला सांगितलं.  ती म्हणाली, "काका, जुनी आवृत्ती पण बसवता येते. मी बसवून देते. बाबांचं जसं आहे तसंच चालेल, एक अक्षरही बदलायला नको." 

मला ते फार आवडलं. खरं सांगतो, मी हो म्हणणारच होतो. तुझ्या बोटांनी टाइप केलेल्या त्या उलट्या वेलांट्या, त्या मी पुसायच्या? जुनं यंत्र ठेवू, ते अडाणीच राहू दे, आणि तू त्याला चकवत राहा. 

बाजाराच्या दिवशी वहिनी गुलाबच्या जीपमधून हिंगोलीला आल्या. गुलाब बाजारात गेला, त्या दुकानात आल्या. नवा आकडा सांगितला. मी तो घातला, आलेख काढला, आणि निळी रेघ लालला टेकली. दोघांनीही बघितलं. वहिनींची नजर कोपऱ्यात गेली.

"हे गोल कशाचं, भाऊजी?"

"अक्षराची जागा आहे, वहिनी. वेलांटीला खाली अक्षर लागतं. सापडलं नाही की यंत्र ठिपक्यांनी जागा धरून ठेवतं."

"धरून ठेवतं," त्या म्हणाल्या. पदरानं पडद्यावरची धूळ पुसली, तेवढ्या कोपऱ्यातलीच. मग म्हणाल्या, "नीट करा ते. तेंचं नाव असं लटकलेलं बरं न्हाई दिसत."

मी नीट करायला बसलो. आणि तेव्हा मला ते दिसलं, किसन. तुझी आधी ठेवलेली वेलांटी मी पुसली. क टाइप केला. मग वेलांटी टाइप केली. पडद्यावर ती आपोआप उडी मारून क च्या अलीकडे जाऊन बसली. आधी अक्षर, मग वेलांटी. त्याला तोच क्रम हवा होता, ऐकू येतो तो. पाटीवर तू ज्या क्रमानं लिहिलंस आणि छडी खाल्लीस, तोच. कुठं बसवायची ते बघणं हे वाचणाऱ्याचं काम होतं, आणि आता ते वाचणारा बघत होता. लिहिणाऱ्यानं वाकडं व्हायची गरज उरली नव्हती. 

हे तुला सांगायला हवं होतं. भांडण जिंकल्याचं राहू दे. पहिलीतलं पोरगं बरोबर होतं, एवढंच सांगायला हवं होतं. मी वहिनींना सांगायचा प्रयत्न केला. नुसता चहा मागवला. मी, जो गणपतीत दहा दिवस माइक सोडत नाही.

त्या चहा घेईपर्यंत मी सगळ्या वेलांट्या सरळ केल्या, आणि मग माझ्यातला मुद्रक जागा झाला. इतकं सगळं शुद्ध येतंय तर बाकीचं का सोडा? ऑगस्ट केलं. सप्टेंबर केलं. फेब्रुवारी. ‘पाणी किती खोल’ याच्या जागी ‘विहिरीतील पाण्याच्या पातळीची खोली’. मोठा कागद छापला, भिंतीला लावला आणि मागे सरकून बघितलं. पत्रिकेसारखा देखणा.

गुलाब पिशव्या घेऊन आला. आलेखासमोर उभा राहिला, वरपासून खालपर्यंत वाचला.

"हे कोणत्या खात्याचं, भौ?"

"खात्याचं काय? सरांचा आलेख आहे."

"सरांचा?" त्यानं पुन्हा वाचलं. "सरांचा असता तर फेबरवारी असती. हे तर तालुक्याहून आल्यावानी दिसून राहिलं. पातळीची खोली." त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं. "असंच राहू द्या. लई चांगलं झालं. हे कोणी मनावर घेत न्हाई. लोकं वाचतील, तंबाखू मळतील अन् आपापल्या मोटारीकडं जातील."

"बियाणं परत कर, गुलाब," वहिनी खुर्चीतून म्हणाल्या.

"वहिनी, मी कुठं काय म्हणलो? मी फक्त छपाईची तारीफ केली."

तो जीपकडे गेल्याबरोबर मी कागद उतरवला. वेलांट्या सरळच ठेवल्या, त्या वहिनींनी सांगितल्या होत्या. बाकी सगळं तुझं परत घातलं. ऑगसट. सपटेंबर. फेबरवारी. पाणी किती खोल. यंत्राला आता सप्टेंबर येत होता. मी त्याला मुद्दाम सपटेंबर लिहायला लावलं आणि त्यानं निमूट लिहिलं. तू जे लाचारीनं केलं होतंस ते मी हौसेनं केलं. माझ्या दुकानातून शेवटी ऑगसट बाहेर पडला, आणि त्याचा कागद मी सगळ्यांत महागाचा वापरला. 

तुझ्यामुळे माझ्या मशीननं नेत्यांच्या वाढदिवसांखेरीज काहीतरी छापलं, हे तुला कधी म्हणालो नाही. म्हणालो असतो तर तू म्हणाला असतास, "मंग पुढच्या वेळी शाई नीट टाक." म्हणून नाही म्हणालो. आता म्हणतो.

बैठकीला मी माइक नेला होता. भाषण तयार होतं, सुरुवात, मध्य, टाळीची जागा, सगळं. ओट्यावर माणसं बसली, बायका पायऱ्यांवर. मी आलेख भिंतीला लावला, वळलो, घसा खाकरला, आणि बघितलं तर माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. सगळी तोंडं भिंतीकडे. मी माइक बंद केला. माझ्या आयुष्यातला तो पहिलाच प्रसंग; नोंद असावी.

 मग गुलाब उठला. भिंतीशी गेला, खिशातून चष्मा काढला. जूनवर बोट ठेवलं आणि निळ्या रेघेवरून चालवत निघाला. ऑगसटला थांबला. सपटेंबर, ऑकटोबर. बोट खाली खाली येत गेलं. फेबरवारीत लाल रेघेला टेकलं आणि तिथंच राहिलं. त्यानं कोपऱ्यात तुझं नाव वाचलं, ओठ हलवून. मागे वळून तांड्याकडे बघितलं, वहिनींकडे बघायचं टाळलं, आणि चष्मा काढता काढता, कोणालाच उद्देशून नव्हे असा, पण शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू जाईल एवढ्यानं बोलून गेला:

"घ्या. मेल्यावर बी सर मोटार बंद करायला लावून राहिले."